शेवटचे कडवे संपायच्या आत

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडणाऱ्या श्रद्धाप्रधान कथा-कादंबऱ्यांचा एक ठरलेला साचा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कधीकाळी नाव कमावलेला गायक दारूने किंवा दुःखाने मोडून पडतो. भटकत भटकत एखाद्या लहान गावात येतो, नाहीतर ज्या गावातून पळाला होता तिथेच परततो. तिथे एक विधवा असते, एक आजी असते, पांढरे रंगवलेले लाकडी चर्च असते आणि चर्चमध्ये सूर उतरलेला पियानो असतो. शेवटच्या प्रकरणात तो पुन्हा गातो. मुखपृष्ठावर बहुधा गिटार आणि मावळता सूर्य. अशा कादंबऱ्या तिकडे भरपूर खपतात आणि त्यांतल्या पुष्कळशा न वाचल्याने कोणाचेही काही बिघडणार नाही.

मग मराठी वाचकापुढे हा विषय मांडायचा खटाटोप कशासाठी? कारण हा साचा कोणा प्रकाशकाच्या डोक्यातून निघालेला नाही. तो तिथल्या उपासनेतूनच आलेला आहे. आणि याच साच्यात काही जणांनी असे लिहून ठेवले आहे की ते वाचून आस्तिक आणि नास्तिक दोघेही सारखेच अस्वस्थ व्हावेत. मला ओळख करून द्यायची आहे ती या थोड्या लेखकांची. पण त्याआधी ते ज्या मातीतून आले तिची थोडी माहिती हवी.

दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्चमध्ये रविवारचे प्रवचन संपले की पाळक व्यासपीठावरून खाली उतरतो आणि बाकांसमोर उभा राहतो. गायकवृंद संथ लयीत एक गीत सुरू करतो. ज्याला आयुष्य नव्याने सुरू करायचे आहे त्याने आता बाकावरून उठायचे, सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेने चालत पुढे जायचे आणि पाळकाच्या हातात हात द्यायचा. कोणी उठले नाही तर पाळक आणखी एक कडवे गायला सांगतो. मग आणखी एक. गाव लहान असते. आज कोणी उठायला हवे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याची बायको मान खाली घालून गात असते. या प्रथेची मुळे जंगलतोड करून वसलेल्या नव्या वस्त्यांच्या तंबूसभांत आहेत. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो माणसे कित्येक दिवस उघड्यावर मुक्कामाला राहिली; रडली, गायली, मूर्च्छा येऊन पडली. पुढच्या शतकात नॉर्थ कॅरोलायनाच्या बिली ग्रॅहम यांनी हाच प्रकार स्टेडियममध्ये नेला. त्यांच्या सभांत लोक पुढे येत असताना जे गीत चाले, ते 'जस्ट ॲज आय ॲम', १८३५ मध्ये शार्लट इलियट या कायम आजारी असलेल्या इंग्रज बाईने लिहिले होते. ग्रॅहम यांनी आपल्या आत्मचरित्राला त्याच गीताचे नाव दिले.

म्हणजे संगीत, दुखणे आणि दुसरी संधी हे तीन धागे कादंबरीकाराला वेगळे आणून विणावे लागत नाहीत. ते एका विधीत आधीच गुंफलेले आहेत. गाणे चालू आहे तोवर दार उघडे आहे. साधारण कादंबरी इथेच संपते: नायक उठला, चालला, सर्वांचे डोळे पाणावले. चांगल्या लेखकाला मात्र सोमवारची काळजी असते. सोमवारी कर्ज तेवढेच असते, यकृत तेवढेच बिघडलेले असते, आणि ज्या मुलीला टाकून गेलो ती अजून बोलत नसते. या प्रकारातले कुठलेही पुस्तक जोखायला मी हीच एक कसोटी लावतो.

या सोमवारची लांबी किती असू शकते, ते 'अमेझिंग ग्रेस' लिहिणाऱ्या जॉन न्यूटनच्या चरित्रात दिसते. १७४८ मध्ये भर समुद्रात वादळात सापडून त्याने देवाचा धावा केला, हे त्याच्या परिवर्तनाचे वर्ष मानतात. पण गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजाचा कप्तान तो झाला तो त्यानंतर! १७५४ मध्ये समुद्र सोडला, तोही प्रकृती साथ देईना म्हणून. पाळक झाल्यावर इंग्लंडमधल्या ऑल्नी गावी १७७३ च्या नववर्षदिनासाठी त्याने हे गीत रचले. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची त्याची पुस्तिका निघाली १७८८ साली. वादळापासून मोजले तर चाळीस वर्षे. आज जगभर ज्या चालीवर हे गीत म्हटले जाते ती त्याला दक्षिणेत मिळाली: साउथ कॅरोलायनाच्या विल्यम वॉकर यांनी १८३५ च्या 'सदर्न हार्मनी'त हे शब्द त्या चालीवर बसवले. पुढे मळ्याचे मालक आणि त्यांचे गुलाम दोघेही तेच गाऊ लागले. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता यावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संघटना वेगळी झाली, आणि त्याबद्दल तिने माफी मागितली १९९५ मध्ये. दक्षिणेतल्या श्रद्धेची गोष्ट सांगणाऱ्याला हे ओलांडून जाता येत नाही. जो ओलांडून जातो त्याच्या पुस्तकातला मावळता सूर्य मला खोटा वाटतो.

ही गाणी कशी गायली जातात ते जवळून पाहण्यासारखे आहे. 'द सेक्रेड हार्प' हे गीतसंग्रहाचे पुस्तक १८४४ मध्ये जॉर्जियातल्या बी. एफ. व्हाइट आणि ई. जे. किंग यांनी काढले. अडाणी शेतकऱ्यालाही पाहताक्षणी गाता यावे म्हणून त्यात स्वरांना आकार दिले आहेत: फा म्हणजे त्रिकोण, सोल म्हणजे गोल, ला चौकोन आणि मी म्हणजे हिऱ्याचा आकार. गायक चार बाजूंनी, एकमेकांकडे तोंड करून बसतात. मधली जागा मोकळी. ज्याची पाळी असेल तो तिथे उभा राहून हाताने ताल देतो. आपल्याकडे बंदिश शिकताना आधी सरगम घोकतात तसे हे लोक आधी नुसती स्वरनामे गातात, मग शब्द. श्रोता असा नसतोच, त्यामुळे गोडव्याची फिकीर कोणाला नसते. आवाज खणखणीत, कधी कधी कर्कश. दिवसभराच्या गायनात एक वेळ राखून ठेवलेली असते. वर्षभरात वारलेल्यांची नावे तेव्हा वाचली जातात, अंथरुणाला खिळलेल्यांचीही, आणि त्यांच्यासाठी गायले जाते. दुपारी झाडाखाली लांबच लांब टेबलांवर घरून आणलेले जेवण. आजारी माणूस याने बरा होत नाही. पण त्याचे नाव मोठ्याने उच्चारले जाते, आणि ज्यांनी ते ऐकले तेच पुढच्या आठवड्यात त्याच्या दारी डबा घेऊन जाणार असतात.

कृष्णवर्णीयांच्या बाजूला या संगीताचा इतिहास आणखी दाट आहे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा १८७१ मध्ये नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या घरांतली मुले-मुली 'ज्युबिली सिंगर्स' म्हणून दौऱ्यावर निघाली आणि मळ्यावरची भक्तिगीते गाऊन त्यांनी शाळा वाचवली. पण माझ्या मते या सबंध साहित्यप्रकाराचा खरा नायक, कादंबरीत नसलेला, आहे टॉमस डॉर्सी. १८९९ मध्ये जॉर्जियात जन्म, वडील धर्मोपदेशक. मुलगा मात्र 'जॉर्जिया टॉम' या नावाने मा रेनी या ब्लूज गायिकेच्या साथीला पियानो वाजवू लागला आणि चावट ब्लूजवर त्याने पैसेही मिळवले. तोच ठेका चर्चमध्ये आणला तेव्हा काही पाळकांनी त्याला दाराबाहेर काढले. शनिवारी रात्री दारूच्या अड्ड्यात वाजते ते रविवारी सकाळी वेदीपुढे कसे वाजवायचे? ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइसच्या सभेला गेला असताना शिकागोत त्याची बायको नेटी बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही गेले. त्या दिवसांत एका जुन्या भजनाची चाल बोटांखाली धरून त्याने 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' रचले. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीतून मार्टिन लूथर किंग यांनी बेन ब्रँच या वादकाला, आज रात्री हेच गीत वाजव, असे सांगितले. काही क्षणांत गोळी आली. अंत्यविधीत ते महालिया जॅक्सन यांनी गायले. एवढे सगळे घडून गेल्यावर या गीताच्या आधाराने बेतलेली कादंबरी कितीही भावुक झाली तरी प्रत्यक्षाच्या मागेच राहते.

ॲलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल' (१९८२) वाचताना हा शनिवार-रविवारचा झगडा डोक्यात असू द्यावा. सीली ही जॉर्जियातली पोर देवाला पत्रे लिहिते, कारण तिच्यावर अत्याचार करणाऱ्याने तिला बजावलेले असते की देवाखेरीज कोणाला सांगायचे नाही. नवऱ्याची प्रेयसी शग ॲव्हरी ही ब्लूज गायिका. ती आजारी पडल्यावर चर्चमधला उपदेशक व्यासपीठावरून तिच्या नावाने बोटे मोडतो आणि तिची सेवा करायची वेळ येते सीलीवरच. सीली तिला न्हाऊ घालते, केस विंचरते. कंगवा फिरत असताना शग काहीतरी गुणगुणत असते. पुढे बरी झाल्यावर अड्ड्यात, भरल्या गर्दीत, ती ते गाणे सीलीच्या नावाने गाते. सीलीच्या नावाने आजवर कोणी काही केलेले नसते. या प्रसंगात बरे कोण कोणाला करते, हे ठरवू पाहणाऱ्याने खुशाल ठरवावे. १९८५ च्या चित्रपटात स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी शगला धर्मोपदेशक बाप जोडून दिला आणि अड्ड्यातली सगळी मंडळी गात गात चर्चमध्ये शिरतात असा देखावा रचला. देखावा जबरदस्त आहे. अंगावर काटा येतो. पण कादंबरीत तो नाही. वॉकर यांची शग चर्चला परत जातच नाही, ती सीलीला चर्चबाहेरचा देव दाखवते. पडद्यासाठी साचा पुन्हा ओढून आणला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या इटन्टन गावच्या परिसरात वॉकर वाढल्या तिथून मिलेजव्हिल फार लांब नाही. १९५२ मध्ये वॉकर यांचे कुळवाडी कुटुंब या दोन गावांमधल्या रस्त्यालगत राहत होते आणि काही मिनिटांच्या अंतरावर फ्लॅनरी ओकॉनर आपल्या आईच्या शेतावर मोर पाळत, ल्यूपस या आजाराशी झुंजत कथा लिहीत होत्या. दोघींना त्याचा पत्ता नव्हता. पुढे आईला सोबत घेऊन वॉकर ती दोन्ही घरे पाहायला गेल्या आणि त्यावर त्यांनी निबंध लिहिला. त्यांचे घर मोडकळीला आलेले, ओकॉनर यांचे शाबूत.

ओकॉनर कॅथलिक, आणि भोवती सगळा प्रॉटेस्टंट मुलूख. 'रेव्हलेशन' ही त्यांची कथा १९६४ मध्ये आली आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्या वारल्या. कथेची सुरुवात डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात होते. रेडिओवर भक्तिगीत लागले आहे आणि मिसेस टर्पिन ही स्वतःवर फार खूश असलेली शेतकरीण मनातल्या मनात ते पूर्ण करते आहे. आपल्याला काळे किंवा फाटके गोरे न केल्याबद्दल ती देवाचे आभार मानते. समोर मेरी ग्रेस नावाची मुरुमांनी भरलेल्या चेहऱ्याची कॉलेजकुमारी जाडजूड पुस्तक वाचत बसली आहे. ती ते पुस्तक बाईंच्या कपाळावर भिरकावते, गळा धरते आणि तिला नरकातले रानडुक्कर म्हणते. कृपा अशी येते. ओकॉनर यांच्याकडे ती फुले घेऊन येत नाही. संध्याकाळी पाण्याची नळी घेऊन डुकरांचा गोठा धुताना बाईंना आकाशात मिरवणूक दिसते. पुढे सगळे तुच्छ मानलेले लोक, काळे, कंगाल, वेडे, नाचत ओरडत स्वर्गाकडे चालले आहेत, आणि अगदी शेवटी तिच्यासारखी सभ्य माणसे. सुरात गात आहेत ती फक्त हीच माणसे, आणि तरीही शेवटी. संगीत, बरे होणे आणि दुसरी संधी यांविषयी याहून कडवट आणि याहून उदार असे काही मी वाचलेले नाही. ज्या लेखिकेने हे लिहिले तिच्या स्वतःच्या पत्रांत काळ्या लोकांविषयी ओंगळ शेरे आहेत. ते उजेडात आल्यावर २०२० मध्ये मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढले. कथेतली बाई तिने कुठून पाहिली, याचे उत्तर त्यात असावे.

चित्रपटाची पटकथा हे साहित्य मानायचे असेल, आणि मी मानतो, तर टेक्सासच्या हॉर्टन फूट यांची 'टेंडर मर्सीज' (१९८३) या प्रकारातली सर्वांत सचोटीची कृती आहे. मॅक स्लेज हा बुडालेला कंट्री गायक एका रस्त्याकडेच्या मोटेलात शुद्धीवर येतो. भाड्याला पैसे नाहीत म्हणून तिथेच काम करतो. मालकीण रोझा ली, तिचा नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, मुलगा लहान. दोघांचे लग्न होते, पण ते पडद्यावर दिसतही नाही. मॅक आणि मुलगा एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतात. परतताना मुलगा विचारतो, काही वेगळे वाटते का? मॅक सांगतो की अजून तरी नाही. दुरावलेली मुलगी भेटायला येते, लहानपणी तू मला एका कबुतराचे गाणे म्हणायचास ते आठवते का, असे विचारते. तो नाही म्हणतो. ती निघून गेल्यावर खिडकीशी उभा राहून तो ते सगळे म्हणतो. मग ती अपघातात जाते. तिला काही परत मिळत नाही, आणि त्याला जे मिळाले त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. भाजीचे वाफे खणता खणता तो बायकोला तसे सांगतोही. फूट यांना पटकथेचे आणि रॉबर्ट दुव्हाल यांना अभिनयाचे ऑस्कर मिळाले. दुव्हाल यांनी गाणी स्वतःच्या आवाजात म्हटली आहेत, आणि त्या आवाजात रियाज कमी, उन्हाळे-पावसाळे जास्त आहेत.

बाजारातल्या श्रद्धाप्रधान कादंबऱ्यांबद्दल इतके सांगून पुरे. १९६७ ची कॅथरिन मार्शल यांची 'क्रिस्टी', टेनेसीच्या डोंगरात शिकवायला गेलेल्या तरुणीची गोष्ट, इतकी वाचली गेली की ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठीचा पुरस्कार तिच्या नावाने सुरू झाला. १९७९ मध्ये कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली'ने हा बाजार उघडून दिला. जॅन कॅरन यांची नॉर्थ कॅरोलायनातली मिटफर्ड मालिका (१९९४ पासून) मला त्यांतल्या त्यात आवडते: साठीचा मधुमेही धर्मगुरू, त्याच्याकडे येऊन पडलेला आणि पुढे गाता गळा निघालेला उनाड पोरगा, आणि बायबलचे वचन म्हटल्याखेरीज न आवरणारा दांडगा कुत्रा. दुखण्याची औषधे तिथे घ्यावी लागतात, प्रार्थनेने साखर उतरत नाही. थकलेल्या माणसाला अशी पुस्तके रात्री सोबत करतात, त्यांना नाक मुरडू नये. पण वर्ण या विषयावर बहुतेक जणी गप्प असतात, आणि दक्षिणेत ते गप्प राहणे ऐकू येते.

मराठी वाचकाला हे सगळे अगदीच परके नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये फ्लोरिडात वाढलेले, गुलामीत जन्मलेल्या आजीच्या हाताखाली वाढलेले कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटले. बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यात होती. निघायच्या वेळी गांधीजींनी त्यांना एक विशिष्ट भक्तिगीत नाव घेऊन म्हणायला सांगितले: ख्रिस्ताला क्रुसावर दिले तेव्हा तुम्ही तिथे होता का, असे विचारणारे. सू बेली यांनी ते गायले. इकडे ना. वा. तिलकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर अभंग-ओवीत भजने लिहिली, कीर्तने केली. ती 'उपासना संगीता'त आजही गायली जातात. त्यांची नगरची मिशन मात्र अमेरिकेच्या उत्तरेकडील न्यू इंग्लंडची, दक्षिणेची नव्हे, तेव्हा ही दोन घराणी एकात मिसळू नयेत. कीर्तनाची सवय असलेल्याला कथेतून गाण्यात आणि गाण्यातून उपदेशात जाणे सोपे वाटेल. त्या सवयीचा फायदा घ्यावा, पण वाल्याचा वाल्मीकी झाला एवढ्यावर मॅक स्लेजची बोळवण करू नये.

वाचायला सुरुवात 'रेव्हलेशन'पासून करावी. एका बैठकीची कथा आहे. मग 'द कलर पर्पल', आणि चित्रपट कादंबरीनंतरच पाहावा. 'टेंडर मर्सीज' मिळेल तेव्हा. दरम्यान महालिया जॅक्सन यांच्या आवाजात डॉर्सीचे गीत ऐकून ठेवावे आणि सेक्रेड हार्पचे एखादे गायनही, सुरुवातीला कानाला खुपले तरी शेवटपर्यंत. गाणी न ऐकता ही पुस्तके वाचणाऱ्याच्या हाती अर्धेच पुस्तक लागते.